धाकटीची भट्टी

पितळी नोझलचं भोक शिवणाच्या सुईपेक्षा जाड नव्हतं. धाकटी ते खिडकीच्या उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघत होती. आतल्या कडेला पितळेचं एक कुसळ राहिलं होतं, ड्रिल बाहेर येताना उचललं गेलेलं. तिनं आईच्या डब्यातली सुई घेतली, भोकात घालून हलकेच फिरवली, फुंकर मारली आणि पुन्हा बघितलं. आता भोक गोल दिसत होतं आणि पलीकडचा उजेड त्यातून स्वच्छ येत होता.

"एवढ्याशा भोकातून लोखंड तापणार?" आईनं विचारलं.

"भोक मोठं केलं तर नुसता भपका होईल. बारीक असलं की गॅस जोरात सुटतो आणि सुटताना नळीच्या तोंडातून वारा बरोबर ओढून नेतो."

"म्हणजे भाता नको?"

"भाता नको, पंखा नको, भात्यावर बसणारा माणूस नको."

"आणि शिव्या?"

"त्या लागतीलच," धाकटी म्हणाली. "पण माझ्या मी देईन."

आई हसली आणि लगेच पुढच्या दाराकडे बघून गप्प झाली. पुढे दुकानात थोरल्या भावाचा हातोडा चालू होता. तो चालू आहे तोवर घरात बोलायला हरकत नसे. तो थांबला की कान टवकारायचे, अशी दोघींना सवयच लागली होती.

घर लांबट होतं. रस्त्याकडे दुकान, मधे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे अंगण. दुकानात कोळशाची भट्टी आणि ऐरण. दोन्ही बापाची, बाप गेल्यावर थोरल्याच्या हाती आलेली. घर मात्र बापानं जाण्याआधी आईच्या नावावर केलं होतं. असं का केलं ते त्यानं सांगितलं नाही, पण स्वतःच्या मुलाला ओळखत नसेल असा तो माणूस नव्हता.

आईनं उमेदीची सगळी वर्षं नवऱ्यासमोर उभं राहून घण मारला होता. त्या कामाची एक रीत असते. लोहार सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि लहान हातोडीनं त्यावर टिचकी मारतो. टिचकी जिथं पडेल तिथंच समोरच्यानं घण टाकायचा. तिरपी टिचकी असेल तर तिरपा, हलकी असेल तर हलका. हातोडी ऐरणीवर आडवी पडली की थांबायचं. मधे बोलायचं नाही, विचारायचं नाही. "घण मारणाऱ्यानं डोकं घरी ठेवून यावं," नवरा म्हणायचा. आई ठेवून जायची. पुढेपुढे ते परत आणायचंही तिच्या लक्षात राहीना.

तिचे खांदे गेल्यावर घण धाकटीकडे आला. आणि या वर्षाच्या सुरुवातीला धाकटीचा एक घाव टिचकीपासून बोटभर बाजूला पडला. कुऱ्हाडीचं पातं वाकलं. थोरल्यानं सांडशी खाली ठेवली, बहिणीचा डावा हात मनगटाशी धरून ऐरणीवर दाबला आणि म्हणाला, "कुठं मारायचं ते असं लक्षात राहतं." मग हातोडी मारली. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज आईनं स्वयंपाकघरात ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आईच पुढे होऊन म्हणाली, "घण निसटला हो." डॉक्टरीणबाई धाकटीकडे बघत राहिल्या आणि धाकटी आईकडे. बोट वाकडं जुळलं.

त्या दिवसापासून धाकटी दुकानात गेली नाही. गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंगला लागली. थोरल्यानं घणासाठी माणसं ठेवून पाहिली. पहिल्याला त्यानं लाथ मारली. दुसऱ्याच्या अंगावर तापलेला बोल्ट फेकला, तो पोराच्या मांडीला चिकटला आणि सोलून काढावा लागला. मग गावात कोणी येईना. एकट्यानं जाड काम होत नाही. थोरल्याचं गिऱ्हाईक तुटत चाललं होतं आणि रोज संध्याकाळी तो जेवताना एकच विचारायचा, "ही कधी येणार?" ताट आपटून विचारायचा. एकदा ताट धाकटीच्या कपाळावर आपटूनही विचारून झालं.

"तू त्याला निघ म्हण," धाकटीनं आईला किती वेळा सांगितलं असेल. "घर तुझं आहे. मी म्हटलं तर मारामारी होईल. तू म्हटलंस तर निकाल लागेल."

"बघू," आई म्हणायची.

"काय बघायचंय? अजून नऊ बोटं सरळ आहेत, ती?"

"आपलेच दात, आपलेच ओठ गं. कुठं जाईल तो?"

यावर धाकटी बोलायची थांबली आणि मागच्या अंगणात भट्टी बांधू लागली.

भट्टीत विकतचं फार थोडं होतं. कारखान्याच्या भंगारातून जाड पाइपचा हातभर लांब तुकडा आणला, तोच भट्टीचा देह. वरून एक भोक पाडून त्यात बर्नरची नळी तिरकी बसवली, म्हणजे ज्योत आत शिरून भिंतीला धरून गोल फिरेल. आतून सिरॅमिकची पांढरी लोकर लावली, दोन थर. ती लावताना धाकटीनं नाकातोंडाला फडकं घट्ट बांधलं होतं आणि आईला जवळ येऊ दिलं नाही. ही लोकर छातीत गेली की बाहेर येत नाही, म्हणाली. लोकरीवर भट्टीचं सिमेंट लिंपायचं होतं. तेवढं आईनं केलं. पाण्याचा हात फिरवत, कोपरे दाबत, गुळगुळीत. सिमेंट सावलीत वाळलं. सिलिंडर धाकटीनं भट्टीपासून लांब, पायरीच्या वरच्या अंगाला ठेवला आणि लांब नळी ओढून तिच्या भट्टीकडच्या टोकाला चावी बसवली.

"एवढी लांब कशाला?"

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो, आई. गळला तर पाण्यासारखा उताराला जातो आणि साठून राहतो. सिलिंडर वर असलेला बरा." तिनं अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवलं, तिथं जमीन खोलगट होती. भट्टी त्या खोलग्याच्या काठावरच विटांवर मांडलेली. दुसरीकडे सपाट जागा नव्हती. "म्हणून आधी आतमध्ये ज्योत धरायची आणि मगच चावी फिरवायची. आधी ज्योत, मग गॅस. कधीही उलटं नाही."

"तुझा बाप उलटं करायचा. आधी वारा सोडायचा, भट्टीच्या तोंडातली राख उडवायचा, घसा मोकळा करायचा म्हणे तिचा. मग निखारा ठेवायचा."

"कोळसा आहे तो. त्याला चालतं."

शेजारचा सुतार भिंतीवरून डोकावून रोज एकदा चौकशी करून जाई. त्याला एक रुंद पटाशी हवी होती. "बाजारातली पटाशी लाकडाला बघूनच बोथट होते," तो म्हणे. "तुझी झाली की पहिली माझी. काकू, साक्षीला आहात हं."

सुट्टीच्या दिवशी दुपारी थोरला बाहेर गेलेला बघून धाकटीनं भट्टी पेटवली. लांब काडीला चिंधी गुंडाळून पेटवली, भट्टीच्या तोंडात धरली आणि चावी फिरवली. भप् झालं, आई दचकून मागे सरली, आणि मग आवाज स्थिर झाला. लांबून पूर यावा तसा घुमणारा आवाज. नळीच्या तोंडाशी ज्योत निळी आणि कडक. थोड्या वेळात आतलं सिमेंट लाल झालं, मग नारिंगी. धाकटीनं जुन्या स्प्रिंगचा पोलादी तुकडा आत सरकवला. तो काळ्याचा लाल झाला, लालाचा पिवळसर. धूर नाही, राख नाही, ठिणगी नाही. तिनं तो बाहेर काढून ऐरणीऐवजी आणलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठेवला आणि एकटीनंच लहान घणानं ठोकू लागली. पोलाद मेणासारखं पसरत होतं.

"आई, बघ! एकटीनं!"

आईनं पदर तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी आलं ते उजेडाकडे बघून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आवाजाचा विचार मात्र कोणी केला नव्हता. तो घुमणारा आवाज घरातून आरपार पुढच्या रस्त्यापर्यंत गेला आणि परत येणाऱ्या थोरल्याच्या कानांवर पडला.

तो मागच्या दारातून आला तेव्हा धाकटीनं पहिलं काम केलं ते चावी बंद करण्याचं. आवाज थांबला. अंगण एकदम रिकामं वाटलं.

"हे काय?" थोरला म्हणाला. "डबा?"

"भट्टी आहे."

"भट्टी! चहा होतो का यात?" तो जवळ आला, वाकून आत बघितलं. आतली धग तोंडावर आली तसा तो सरळ झाला. त्याचा चेहरा बदलला. त्याला लोखंड कळत होतं; कितीही झालं तरी तो बापाचा मुलगा होता. रुळावरचा पसरलेला तुकडा त्यानं पाहिला. "पटाशी. कुणाची?"

धाकटी रुळाच्या पुढे येऊन उभी राहिली.

"सुताराची ना? माझं गिऱ्हाईक. माझ्या घरात बसून माझं गिऱ्हाईक खातेस?"

"तुझं गिऱ्हाईक तुझ्या हातानं गेलं, दादा. आणि घर आईचं आहे."

त्यानं उलट्या हातानं तिच्या कानाखाली मारली. ती भिंतीवर आदळली. उठायला गेली तर त्यानं केसांना धरून तिला ओढत भट्टीपाशी आणलं आणि तिचं तोंड त्या लाल भोकाकडे दाबलं. "बघ. नीट बघ तुझी भट्टी." केस करपल्याचा वास आला. धाकटीनं दोन्ही हात विटांवर रोवले होते. वाकडी करंगळी बाजूला निघालेली. ती ओरडली नाही. घशातून नुसता घर्‌घर्‌ आवाज येत होता. तिची कोपरं हळूहळू वाकत होती.

"अहो, काय चाललंय?" भिंतीपलीकडून सुताराचा आवाज आला. "काकू?"

आणि आईच्या तोंडून, तिला काही कळायच्या आत, गेली कित्येक वर्षं येत होतं तेच आलं. "काही नाही हो. भांडं पडलं."

थोरल्यानं पकड सैल केली. आईकडे बघून तो हसला, शाबासकी दिल्यासारखा. धाकटीनंही आईकडे पाहिलं. तिची एक भुवई जळून गेली होती आणि गालाला तांबडे फोड येऊ लागले होते. तिच्या डोळ्यांत राग असता तरी आईला चाललं असतं. त्या नजरेत रागसुद्धा नव्हता.

थोरल्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली आणि ती आडवी झाली. पडताना तिचा खांदा लागून बर्नरची नळी भट्टीच्या भोकातून निसटली आणि खोलग्याकडे झुकली, ते त्यानं बघितलंच नाही.

"मी बापाजवळ भट्टीशी बसलो तेव्हा तू पाळण्यात मुतत होतीस," तो म्हणाला. "मला शिकवते? भट्टी कशी पेटवायची ते बघ आता. उद्यापासून ही पुढे दुकानात राहील आणि तू घण मारायला येशील." त्यानं चावी धरली आणि पूर्ण उघडली. फुस्स आवाज सुरू झाला. "आधी घसा मोकळा होऊ दे हिचा." मग आईकडे बोट रोखलं. "हात लावशील, तर याद राख."

आणि तो पुढे गेला, दुकानातल्या भट्टीतला निखारा आणायला.

गॅसचा कुजकट वास अंगणात पसरला. धुण्याच्या दगडाशी हवा थरथरताना दिसत होती, तापलेल्या रस्त्यावर दिसते तशी. धाकटी कुशीवर वळली. "आई," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता. "आई, चावी बंद कर."

चावी आईपासून चार पावलंही लांब नव्हती. आईला सगळं कळत होतं. गॅस जड असतो, उताराला जातो, साठतो, हे तिला तिनंच लिंपलेल्या सिमेंटाइतकं स्पष्ट माहीत होतं. पण 'याद राख' तिच्या पायांत जाऊन बसलं होतं. ती उंबऱ्यावर उभी राहिली. टिचकीची वाट बघत उभं राहावं, तशी.

चावीपाशी गॅस दाटला होता, म्हणून धाकटी कोपरांवर सरपटत सिलिंडरकडे निघाली. खोलग्याला वळसा घालून पायरी चढून ती सिलिंडरपाशी पोचली आणि तिथलीच कळ फिरवली. फुस्स आवाज थांबला. पण जे सुटलं होतं ते खाली साचलेलंच होतं.

थोरला दारातून आला. सांडशीत लालबुंद निखारा. आईच्या खांद्याला धक्का देऊन तो खाली उतरला.

"दादा, नको!" धाकटी किंचाळली. "पुढं येऊ नको! गॅस साठलाय! दादा!"

"आता भीक माग," तो म्हणाला आणि खोलग्यात पाय ठेवला.

आवाज मोठा झाला नाही. मोठी चादर जोरात झटकावी तेवढाच. पण जमिनीवरून एक निळी लाट उठली, पिवळी झाली आणि थोरल्याला पायांपासून डोक्यापर्यंत गिळून विरली. भट्टी विटांवरून उडून भिंतीवर आपटली. आईच्या पायांना आच लागली. थोरला तिथंच उभा होता. केस नव्हते, भुवया नव्हत्या, सदरा छातीवर जळत होता, आणि उजव्या हाताची कातडी मोज्यासारखी सुटून लोंबत होती. मग तो ओरडू लागला.

धाकटीच धावली. बरगडी धरून, लंगडत, पण धावली. धुण्याच्या बादलीतलं पाणी तिनं त्याच्यावर ओतलं, ओलं पोतं त्याच्या छातीभोवती गुंडाळलं, दाबून धरलं. "बस दादा, खाली बस, चोळू नको."

त्यानं डोळे उघडले. समोर बहिणीचं तोंड होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ अजून धुमसत होता. डाव्या हातानं त्यानं तिचा गळा धरला आणि तिला आपल्याखाली पाडलं. "जीव घेतेस माझा," तो म्हणाला. "जीव घेतेस!" तो गुडघ्यांवर बसून तिचं डोकं धुण्याच्या दगडावर आपटू लागला. एकदा. पुन्हा. दगडावर रक्ताचा ओघळ आला.

रुळाशेजारी लहान घण पडला होता. तो उचलल्याचं आईला नंतरही नीट आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की दांडा ओळखीचा लागला, आणि पाय आपोआप खांद्याइतके फाकले. टिचकी कोणी मारली नाही. कुठं मारायचं ते तिनं बघून ठरवलं. डोकं नाही, पाठ नाही. उजव्या पायाची नडगी, गुडघ्याच्या खाली, जिथं कातडीखाली लगेच हाड असतं. तिनं घण वर नेला आणि टाकला.

काटकीचा नव्हे, फांदीचा आवाज झाला. थोरला बाजूला कोसळला.

अंगणाचं फाटक ढकलून सुतार आत आला. त्याच्यामागे गल्लीतली आणखी दोघं-तिघं. आत येऊन ते सगळे एकदम थांबले. जळक्या केसांचा वास, गॅसचा वास, भिंतीशी उलटी पडलेली भट्टी. धाकटी दगडाला टेकून बसली होती, मानेवरून रक्त गळत होतं, आणि ती खोकत होती, म्हणजे श्वास चालू होता. थोरला पाय धरून विव्हळत होता. आणि मधे म्हातारी, हातात घण.

"अरे देवा," सुतार म्हणाला. "गाडी बोलवा कोणी. पाणी आणा. काकू, झालं काय?"

"सिलिंडर फुटला," थोरला खालून म्हणाला. दात वाजत होते, तरी शब्द जागच्या जागी पडत होते. "हिच्या डब्यानं सिलिंडर फुटला. माझा पाय... भिंतीवर आपटला. आई, सांग यांना. सांग ना. सिलिंडर फुटला."

सगळे आईकडे वळले. तिनं वाक्य पुरं करावं, एवढंच उरलं होतं. ती आजवर करतच आली होती. थोरल्याच्या चेहऱ्यावर, जिथं कातडी शाबूत होती तिथं, तिला तो लहानपणीचा दिसत होता. भाजलं की पळत येऊन बोट तिच्या तोंडापुढे धरणारा. फुंकर घाल म्हणणारा. तिच्या छातीत काहीतरी तुटत होतं. ते तिनं तुटू दिलं.

"सिलिंडर धड आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तिथं पायरीवर आहे, बघा. गॅस यानं सोडला आणि निखारा यानंच आणला. पाय मी मोडला."

"काकू, तुम्ही बसा आधी..."

"बोलू द्या मला. करंगळी यानं मोडली होती. घण निसटला नव्हता. मघाशी भांडंही पडलं नव्हतं." तिनं घण खाली ठेवला नाही. "दवाखान्यात न्या याला, लवकर न्या, वाचवा. मी येते बरोबर. विचारतील त्यांना हेच सांगेन."

"आई," थोरला म्हणाला. "आई गं."

आई त्याच्याजवळ गेली. वाकून त्याच्या कपाळावर, भाजलं नव्हतं तेवढ्याच जागी, तिनं हात ठेवला.

"बरा हो," ती म्हणाली. "पण या घरात परत यायचं नाही. आजपासून तू या घरात राहणार नाहीस."